थंड हवेची खोली

३ ऑक्टोबर १९७८
आज कारखान्याचा सोनेरी दिवस. यंदा कुणाचा ऊस आधी तोडायचा, हे पुण्याचा कॉम्प्युटर ठरवणार. प्रत्येक शेतकऱ्याचं एक भोकं पाडलेलं कार्ड. कार्डं इथं येणार, आपण नावं तपासून परत पाठवायची, मशीन ती वाचून तोडणीचा क्रम छापणार. त्यासाठी एक इनचार्ज नेमणार आहेत. शेतकी ऑफिसात इंग्रजी पेपर वाचणारा (शब्दकोडं सोडून) मीच. म्हणजे झालंच.

५ ऑक्टोबर
ललिताला सांगितलं, इनचार्जला थंड हवेची खोली मिळते. ती म्हणाली, आधी पाय धुऊन घरात या.

९ ऑक्टोबर, दुपार
सासरे साहेबरावमामा राहू गावाहून आले. आपला ऊस जरा पुढं घ्या म्हणाले. दरवर्षी घेतो. यंदा सुनावलं, कॉम्प्युटरला सासरा नसतो. चहा न पिताच गेले. वाईट वाटलं, पण मॅनेजमेंट म्हणजे हेच.
ललितानं मामांचा चहा मोरीत ओतला.
निश्चय: कॉम्प्युटरवर रोज वाचन. उद्यापासून.

१४ ऑक्टोबर
कार्डं आली. चक्क सगळी सुटी! पुणेकरांना ऑफिसची शिस्त नाही. आमच्याकडे सुटा कागद म्हणजे हरवलेला कागद. म्हस्कू शिपायाला बसवून सगळ्या कार्डांच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दाभणानं भोक पाडून घेतलं आणि गाववार टॅग ओवले. म्हस्कू म्हणाला, सायेब, ह्यास्नी आदीच लई भोकं हायती. म्हटलं, मग आणखी एकानं काय बिघडतंय?
वाचन राहिलं. कामाचा व्याप.

१६ ऑक्टोबर
गठ्ठे पुण्याला रवाना. चेअरमनसाहेब खूश. लई टापटीप काम, म्हणाले. खोलीला निळा पडदा बरा दिसेल.

२४ ऑक्टोबर
क्रम छापून आला. प्रत्येक नावापुढे एकच शेरा: ‘जळित ऊस. ताबडतोब तोडा.’ जळालेला ऊस आधी तोडायचा, हा नियमच आहे. पण एवढा जळाला कधी? हरिबा फिल्डमन म्हणाला, काल तर हिरवागार व्हता. त्याला समजावलं, मशीनपुढे माणसानं डोकं चालवायचं नसतं. शेतकऱ्यांना तोडणीच्या चिठ्ठ्या वाटून टाकल्या.

२७ ऑक्टोबर
भयंकर. आपला ऊस जळाला असं ऐकून सोजरबाई नावाची एक शेतकरीण घागर घेऊन शेताकडे पळाली म्हणे. बाकीच्यांनी ऊस तोडून गाड्या जुंपल्या. गेटपासून थेट दौंडच्या रस्त्यापर्यंत बैलगाड्या, आणि ऊस उन्हात वाळतोय. रांगेत साहेबरावमामा. म्हणाले, जावईबापू, तुमचा कॉम्पुटर लई इमानी, कुनालाच मागं ठिवलं न्हाई. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पुण्याचे इंजिनीअर आले. त्यांनी सांगितलं, कार्डाचा वरचा डावा कोपरा म्हणजे जळित उसाची खूण. तिथं भोक असलं की मशीन ऊस जळाला असं समजतं. चेअरमनसाहेबांनी विचारलं, हे भोक पाडलं कुनी? मी म्हस्कूकडे पाहिलं. म्हस्कूनं माझ्याकडे पाहिलं. मग चेअरमनसाहेबांनीही माझ्याकडेच पाहिलं.

३० ऑक्टोबर
इनचार्ज म्हणून पुण्याचे एक बी.एस्सी. आले. मात्र माझ्यावाचून त्यांचं अडलेलंच आहे. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर कागदाची टिकली डकवून भोक बुजवायचं, ही नाजूक जबाबदारी खास माझ्याकडे. खळ घरून न्यायची. ललितानं ती करून दिली. वाटी हातात देताना मात्र पदर तोंडाशी नेला.
बसायला स्वतंत्र खोली मिळाली आहे. वाऱ्यानं टिकल्या उडतात, म्हणून पंखा बंद ठेवायला सांगितलंय.