या साली ऐनावर कोयता नाही

प्रिय आबा,

काल आईने कोनाड्यातला तुमचा कोयता काढला आणि दादाच्या पुढ्यात ठेवला. माघ निम्मा सरला, पण आपण डोंगरावरच्या एकाही झाडाचा टहाळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, अजून उतरवलेला नाही. तुम्ही असता तर एव्हाना आपल्या राबापुरता, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजण्यापुरता टहाळ खाली येऊन वाळत पडला असता. तुमच्यामागे राबाचं हे पहिलंच वर्ष. कोयता कुणी उचलायचा यावरून घरात जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढे जाववेना, म्हणून लिहिते आहे.

आधी झऱ्याचं सांगते. पूर्वी चैत्र संपेपर्यंत त्याची धार चालायची. आता माघातच नुसतं ठिबकतंय. हंडा लावून बायका बसून राहतात, भरेपर्यंत सगळ्या वाडीच्या गोष्टी होतात. आई म्हणते, निदान गोष्टी तरी आटल्या नाहीत!

मागच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आपण रस्त्याला उभे होतो, आठवतं? शेजारच्या हौसामावशीने तुम्हाला छेडलं होतं.

"काय वो भाऊ, पावसाळ्यात मुंबई-पुण्याचं लोक हितं भिजाया येत्यात, अन् आपल्याला तोंड धुवाया पाणी न्हाई. ही कुठली रीत?"

"पाऊस म्हंजी जावई, मावशे," तुम्ही म्हणालात. "येतो, धिंगाणा घालतो, खातो अन् जातो. मुक्कामाला ऱ्हात न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. पण आबा, त्याने मुक्काम करायचा कुठे? आपण जागा ठेवली का त्याला?

हे मी तुम्हाला तुमच्या हयातीतच विचारलं होतं, जरा चढ्या आवाजात. भूगोल घेऊन पदवीधर झाले होते, घरातली पहिली. पेढे वाटून झाल्यावर त्याच आठवड्यात मी तुम्हाला समोर बसवून डोंगर शिकवायला निघाले. झाडाखाली पाला साठतो, पाल्याखालची माती पाणी पिते, ते पाणी खडकाच्या भेगांतून सावकाश उतरतं आणि तेच आपल्या झऱ्याला येतं. झाडं बोडकी केली, पाला झाडून नेला, की पाऊस मातीसकट सरळ ओढ्यात जातो.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग म्हणालात, "सोने, तुज्या पुस्तकात राब हाये का?"

नव्हता.

"मग भात कुटनं येतं त्येबी न्हाई त्यात."

तुमची राब भाजण्याची पद्धत मला पाठ आहे. रोपाच्या जागेवर आधी शेण, त्यावर ऐनाच्या झाडांचा टहाळ, मग गवत, पालापाचोळा, वरून मातीचा पातळ थर. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग सावकाश सरकते आणि माती आतपर्यंत भाजते. तण जळतं, राख मिळते, रोप काळंभोर येतं. तुमच्या रोपाला वाडीत तोड नव्हती, हे खरंच आहे. पण त्या रोपासाठी दरवर्षी झऱ्याच्या वरची ऐनं खालपासून शेंड्यापर्यंत सोलून निघायची, हेही तितकंच खरं. आपलीच नाही, सगळ्या वाडीची. शिवाय उन्हाळ्यात कुणीतरी गवताला काडी लावायचं, नवं गवत चांगलं येतं म्हणून. तो वणवा विझवायला कुणी गेल्याचं मला आठवत नाही. आग आपल्याच डोंगराला लागली आहे, असं कुणालाच का वाटलं नसेल?

सगळा दोष राबावर टाकणं बरोबर नाही, हेही मला कळतं. राब तर तुमच्या आजोबांच्या वेळीही होता आणि तेव्हा झरा आटत नव्हता. पण तेव्हा डोंगर मोठा होता, झाडं फिरून फिरून तोडता यायची. माथ्यावर बंगले आले, उतार सपाट झाले, कुंपणं पडली. तोडायला उरलेली झाडं म्हणजे झऱ्याच्या डोक्यावरचीच. वर बंगल्यांच्या बोअर. पहिल्या बोअरचं मशीन आपल्याच बांधावरून वर गेलं. तुम्ही बांध फोडून वाट दिलीत.

"पान्यासाठी आलेल्याला न्हाई म्हनायचं व्हय?" असं तुम्ही मलाच उलट विचारलंत. आपल्याकडे पाण्याला नाही म्हणायची पद्धतच नाही. इतका पाऊस पडतो, पाणी संपेल असं कुणाच्या मनातच येत नाही. तो बंगलेवाला खालचा झरा आटवायला आला नव्हता आणि तुम्हीही त्याचं वाईट केलं नाहीत. तरीही झालं ते झालंच.

पुढे दोन उन्हाळे तुम्ही त्याच बंगल्यावर राखणीला होतात. दुपारी तिथल्या हिरवळीला पाइपने पाणी मारायचं आणि घरी येऊन टँकरसाठी हंडा घेऊन उभं राहायचं. तेव्हा काय वाटत होतं तुम्हाला? मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी बोलला नाहीत.

भात काढल्यावर त्याच ओलीवर आपल्याकडे वाल यायचा, मसूर यायची. आता मार्गशीर्षातच खाचरांना भेगा पडतात. वाल गेला म्हणून दादा कुसगावच्या हॉटेलात लागला, नाहीतर त्याला बैलांची हौस होती. म्हैस गेली, कारण तिला पाजायला पाणी नव्हतं. हौसामावशीची नात उन्हाळ्यात दुपारची शाळा बुडवून झऱ्यावर नंबर धरते. असं एकेक गेलं, गाजावाजा न होता.

तर काल आईने कोयता ठेवला. दादा म्हणाला, "रविवारी सुट्टी हाय. उरकून टाकतो."

मी म्हटलं, झऱ्यावरची ऐनं तोडायची नाहीत. गादीवाफा करू, म्हणजे न भाजता मातीचा उंच वाफा, त्यात भाताच्या तुसाची राख मिसळू, रोप त्यावरही येतं. मी वाचलंय, आणि पलीकडच्या गावात जाऊन पाहूनही आलेय.

"वाचलंय!" दादा आईकडे बघून म्हणाला. "बाई वडगावला शिकवनीत पोरांना भूगोल शिकवती. रोप पिवळं पडलं तर तितं पास करतील का त्येला?"

"तू हॉटेलात साहेबांना पाणी विकतोस ना बाटलीतलं? झरा गेला की आपल्यालापण तेच घ्यावं लागंल."

"भांडू नगा," आई म्हणाली. तिची भीती मला कळत होती. रोप गेलं तर आवणी, म्हणजे भातलावणी नाही, आवणी नाही तर वर्षाचं भात नाही. भात एवढं एकच पीक आता आपल्याकडे उरलंय, आणि मी ते पाहून आलेल्या एका वाफ्याच्या भरवशावर पणाला लावत होते.

शेवटी ती म्हणाली, "ह्ये असते तर न्हाई म्हनले असते."

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"व्हय, न्हाईच म्हनले असते," ती परत म्हणाली. "पर पाणी भराया त्ये कवा जात व्हते? मीच जाती." आणि कोयता उचलून तिने पुन्हा कोनाड्यात ठेवला. "एक साल. रोप पिवळं पडलं तर पुढल्या साली तूच झाडावर चढायचं."

आबा, तुम्हाला राग येईल का? कदाचित येईल. तुम्ही आयुष्यभर जे चांगलं करत आलात, त्यालाच मी थांबवते आहे, आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही. हे मला फारसं बरं वाटत नाही.

म्हणून एक शब्द देते. रोप चांगलं आलं तर मी वाडीत घरोघर जाईन आणि झऱ्यावरची झाडं राखायला सांगेन. तेव्हा जुन्या लोकांनी डोंगर बोडका केला असं म्हणणार नाही, आपण केला असं म्हणेन. आणि रोप पिवळं पडलं तर ऊन, पाऊस, बंगले, कुणाचंच कारण देणार नाही. आईसमोर उभी राहून माझंच चुकलं म्हणेन, आणि ठरल्याप्रमाणे झाडावर चढेन. पण झऱ्यावरच्या नाही. टहाळासाठी लांब जावं लागलं तरी चालेल, डोक्यावरून मीच आणेन.

तुमची,
सोनाली