सैल खांदा

मोताळा,
९ फेब्रुवारी १९६८

प्रिय आशा,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी खुशालीच्या आणि मग लगेच कामाचं, ही तुझी सवय काही गेली नाही. शैलाचं लग्न ठरलं, मुलगा इंजिनियर आहे, वाचून बरं वाटलं. सासरी जाताना तिला लहानपणचं कापडी अस्वल न्यायचंय आणि ते तू मागेच कधीतरी कचऱ्यात टाकलंस. म्हणून आता मी तसंच दुसरं शिवायचं, तेही जुनं दिसणारं, म्हणजे पोरीला कळायला नको. शाबास! पुण्यात राहून चांगलीच हुशार झालीस.

तरी बसले शिवायला. खामगावच्या शिवणवर्गात शिकलेलं हात अजून विसरले नाहीत. पहिलं शिवलं होतं तसलंच तपकिरी ब्लँकेट शोधलं, घरचाच कापूस भरला. कापड जुनं करणं सोपं गं, चहाच्या पाण्यात बुडवलं की झालं. पण खेळलेलं अस्वल ओळखू येतं ते सांध्यांवरून. खांद्यात, मांडीत पुठ्ठ्याच्या दोन-दोन चकत्या असतात, मधून तार. नव्यात तार घट्ट पिळतात, हात वर केला की वरच राहतो. मी आधी पायांचा पीळ सैल सोडला, चकत्या ओल्या करून मऊ केल्या. मानेतला कापूस काढला, तशी मुंडी छातीवर आली. पाय तर रोज हलवत बसते, सांधे झिजावेत म्हणून. हे म्हणाले, "काऊन त्या अस्वलाचे हाल करून राह्यली? नवंच धाड न, पोरीले काय समजते!" मी दुसरा पाय हलवायला घेतला. यांना तेव्हाही असंच वाटलं होतं, पोरीले काय समजते.

हात तेवढे राहिलेत. लेकरू अस्वलाला एकाच हाताने धरून घरभर ओढतं आणि तो खांदा पार लोंबतो. माझ्या इथल्या तिघींच्या बाहुल्यांचं मी डोळे मिटून सांगेन. शैलाच्या अस्वलाचा कोणता? डावा की उजवा? तार हातात घेऊन बसले आणि मला सांगताच येईना. रडू नाही आलं, आशा. राग आला. तुझा आला, यांचा आला.

तुझी कूस उजवेना, माझ्या घरात आधीच तीन मुली, म्हणून तू चौथी मागितलीस आणि यांनी देऊन टाकली. मला कोणी विचारलं नाही. तेव्हा ती नुसती रांगत होती. अस्वल ओढत चालताना पाहिलंस ते तू. मी तिची मावशी झाले, तेही सोसलं. पण तिच्यापाशी माझ्या हातचं एवढं एकच होतं, ते तू टाकलंस, आणि आता तिला फसवायलाही माझेच हात हवेत!

म्हणून लिहिते. अस्वल पोस्टाने येणार नाही. लग्नाआधी शैलाला इकडे पाठव, एकटीला. कोणता हात धरून ओढायचीस ते तिलाच विचारीन आणि तिच्यासमोर तो खांदा सैल करीन. जुनं कुठे गेलं आणि नवं शिवायला मावशीच का, हे ती विचारीलच. मग मी काही लपवणार नाही. त्याआधी तूच सांगितलंस तर बरं.

तुझीच,
ताई