कोठाराची राखणदारीण परत मिळण्याबाबत

अर्जदार: सौ. मेर्सेदिता हिम्मिवात
प्रमुख, दालीपे महिला सेंद्रिय भात गट
मु. दालीपे, प्रांत इफुगाव
दिनांक: ९ जुलै

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
धान्य स्वच्छता व साठवण मानके कार्यालय,
बागियो शहर.

विषय: तपासणीचा नमुना म्हणून नेलेली आमच्या कोठारातील राखणदारीण (लाकडी, एक नग) तातडीने परत मिळण्याबाबत.

संदर्भ:
१) आपल्या निरीक्षकांनी दिलेली पावती
२) हमीपत्र मागणारे आपले पत्र
३) उंदरांबाबत आपली नोटीस
४) त्यानंतरचे माझे तीन अर्ज, ज्यांची पोचही आलेली नाही

महोदय,

१. मी दालीपे गावच्या बायकांच्या भात गटाची प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे फार काही नव्हे. शाळेत सर्वांत जास्त वर्षे मी बसले, म्हणून कागद माझ्याकडे येतात आणि कागदांवरून होणारी बोलणीही माझ्याकडेच येतात. आमचे भात वर्षातून एकदाच पिकते. त्याला कुजवलेले तण, डुकरांचे खत आणि डोंगरातून झिरपणारे पाणी एवढेच मिळते. औषध आम्ही मारत नाही. पूर्वी परवडत नव्हते म्हणून मारत नव्हतो, आता सेंद्रिय प्रमाणपत्र आहे म्हणून मारता येत नाही. मनिलातील एका दुकानदार बाईंना हा तांदूळ आवडला आणि त्यांनी आपल्या कार्यालयाचा साठवण परवाना मागितला. तो मिळवण्यासाठी तपासणीच्या अर्जावर गावातर्फे सही मी केली.

२. आपले निरीक्षक श्री. मार्विन एस्कालोना लावणी संपता संपता तपासणीस आले. ते सज्जन आहेत, हे प्रथम नमूद करते. बांधावरून चालण्याची सवय नसल्याने ते घसरून खालच्या खाचरात बसले आणि त्यांच्या पिशवीतील नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या चिखलात भिजल्या. माझ्या सासूबाई आगिनाया यांनी त्यांना चुलीपाशी बसवले, माझ्या कैलासवासी सासऱ्यांची विजार घालायला दिली आणि कोंबडी कापली. त्यांनी ती दोनदा मागून घेतली. आपल्या तपासणी तक्त्यात या गोष्टींना रकाना नाही, म्हणून येथे लिहिले.

त्या तक्त्यात बाकी सर्व गोष्टींना रकाना होता. आमचे कोठार म्हणजे चार खांबांवर उभी लाकडी पेटी आणि वर गवती छप्पर. आत एकच माणूस जातो, तोही वाकून. तरी कामगारांना कपडे बदलण्यासाठी स्वतंत्र खोली का नाही, असा शेरा आहे. दिव्यांना फुटू नये असे आवरण नाही, असाही शेरा आहे. कोठारात दिवाच नाही. हा तक्ता सखल भागातील ट्रक आत जाणाऱ्या गोदामांसाठी केलेला असावा. गोदामवाल्याला तो एका दुपारचे काम आहे. आम्हाला त्यात बसवताना आमच्या नाकी नऊ आले आहेत.

३. आता मूळ मुद्दा. कोठारात दाराशी दोन बुलुल, म्हणजे राखणदारांच्या लाकडी मूर्ती, बसतात, एक बाई आणि एक बाप्या, गुडघ्यांवर हात ठेवून. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी ते कोरले. भात आत आले की त्याची राखण ते करतात, आणि दर कापणीला त्यांना डुकराचे रक्त आणि भाताची दारू लावतात. वर्षानुवर्षांच्या थरांनी दोघे काळे आणि चकचकीत झाले आहेत. श्री. एस्कालोना यांनी बॅटरी मारून हा काळा थर कशाचा, असे विचारले. लाखेचा आहे, असे मी सहज म्हणू शकले असते आणि आज हा अर्ज लिहिण्याची वेळ आली नसती. पण कोठारात त्या दोघांसमोर आमच्यात कोणी खोटे बोलत नाही. मी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंनी सांगितले, "डुकराचं रक्त आहे. दर वर्षीचं."

निरीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवले. मग मला ताई मानून म्हणाले, "मनांग, माझा नाइलाज आहे. 'धान्यसाठ्यात प्राण्याचं रक्त' असं छापलंय, आणि समोर फक्त 'हो' आणि 'नाही' आहे."

काड्या भिजलेल्या असल्याने थर पुसून घेता येईना. तेव्हा त्यांनी वस्तूच नमुना म्हणून नेण्याचे ठरवले. दोघांपैकी बाई लहान, ती त्यांच्या बर्फाच्या डब्यात मावली, म्हणून तिला नेले. पावतीवर "लाकडी वस्तू, रक्तयुक्त, १ नग" असे लिहिले आहे. आठवड्याभरात परत पाठवतो, असे ते मला म्हणाले होते. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची नंतर दुसऱ्या प्रांतात बदली झाल्याचे कळते.

४. मध्यंतरी आपल्या सूचनांचे आम्ही काटेकोर पालन केले, त्याचा परिणामही कळवते. कोठाराच्या प्रत्येक खांबावर लाकडाची गोल थाळी बसवलेली असते. उंदीर खांबावरून चढतो आणि थाळीखाली अडकतो. माणसाने वर जायचे तर शिडी लावायची, आणि उतरल्यावर काढून ठेवायची. आपल्या तपासणीत ही शिडी कामगारांच्या सुरक्षेस धोकादायक ठरली. तिच्या जागी कायम स्वरूपाच्या, कठडा असलेल्या सिमेंटच्या पायऱ्या बांधाव्यात, असा आदेश झाला. गटातील बायकांनी नदीतून पाठीवर वाळू वाहून पायऱ्या बांधल्या. त्या पायऱ्यांवरून उंदीर आले. कठड्याला धरून आले असावेत.

त्यानंतर उंदरांच्या लेंड्या आढळल्याबद्दल आपली नोटीस आली, आणि विषाचे सापळे बसवा, असे कळवले गेले. सेंद्रिय प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने कळवले की विष आणले तर प्रमाणपत्र रद्द. मी मांजर सोडले. आपल्या कार्यालयाने कळवले की धान्यसाठ्यात प्राणी चालत नाही. मग पायऱ्या पाडू का, असे विचारले, तर उत्तर आले की पायऱ्या पाडल्यास नव्याने तपासणी करावी लागेल. तेव्हा विष, मांजर, शिडी आणि बुलुल यांपैकी आमच्या कोठारात नेमके काय ठेवण्यास परवानगी आहे, हे लेखी कळवावे. उंदीर सध्या विनापरवाना राहत आहेत.

५. राखणदारीण परत मागितली असता आपल्या पत्रात असे म्हटले आहे की, ती पुन्हा धान्यसाठ्यात ठेवणार नाही, असे हमीपत्र दिल्यास परत मिळेल. महोदय, तिला दुसरे काम येत नाही. घरात ठेवून मी तिचे काय करू? आपल्या कार्यालयातील एका बाईंनी फोनवर सुचवले की तिचा फोटो काढून, लॅमिनेट करून कोठारात लावावा, तो ओल्या फडक्याने पुसता येतो. हे मी सासूबाईंना सांगितले. त्यांनी सुपारी चघळत विचार केला आणि म्हणाल्या, "फोटोला रक्त लावलं तर चालेल का, विचार." मी विचारले. फोन ठेवला गेला.

गेल्या महिन्यात मी स्वतः बागियोला आले. सही करणारे साहेब कार्यशाळेला गेले होते. बाहेरच्या बाकावर बसले असता आपल्या नमुनेखोलीच्या काचेतून ती मला दिसली. मुदत संपलेल्या नूडल्सची खोकी आणि माशांच्या सॉसच्या बाटल्या यांच्या मधल्या फळीवर ती गुडघ्यांवर हात ठेवून बसली आहे. गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे: "खाद्य नाही". मी काचेपाशी उभी राहिले, तेव्हा शिपायाने येथे थांबू नका, असे सांगितले. मला त्या वेळी रडू आले, आणि परतीच्या बसमध्ये राग आला. अर्जात राग लिहिण्याची पद्धत नाही, हे मला माहीत आहे. तरी तो आहे, आणि दिवसेंदिवस वाढतो आहे.

६. हा विषय एका कुटुंबापुरता आहे, असा आपल्या कार्यालयाचा समज दिसतो. तसे नाही. आमच्या गावात भाताचे पहिले कणीस कोणी कापायचे, हे ठरलेले आहे. तो मान आमच्या घराचा आहे, आणि सासऱ्यांनंतर तो सासूबाईंकडे आला. त्यांनी सुरी लावल्याशिवाय गावात दुसरे कोणी कापत नाही. या वर्षी भात पिकले, लोंब्या वाकल्या, आणि सासूबाई खाचरात उतरेनात. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "घरची बाई घरात नाही, पोरी. भात आणून कुणाच्या हवाली करू?"

त्यामुळे सगळ्या डोंगरावरचे भात उभ्या उभ्या वाळू लागले. दुपारी पाऊस, सकाळी पाखरे, रात्री उंदीर. दाणे झडून पाण्यात पडू लागले. श्री. दालमासिओ पुगुओन यांचे शेत सर्वांत खाली आणि उन्हात असल्याने आधी पिकते. ते रोज सकाळी आमच्या अंगणाखालच्या बांधावर उभे राहून हाक मारत, "मेर्सेदिता, तुझं सर्टिफिकेट शिजलं का? वाढ की मग!" बायका पाण्यावर भेटल्या की माझ्याकडे पाहून बोलणे थांबवत. श्री. पुगुओन नव्या चर्चला जातात आणि बुलुल म्हणजे जळाऊ लाकूड, असे चारचौघांत सांगतात. मी त्यांना म्हटले की मग तुम्ही तरी कापायला लागा. ते घरी निघून गेले, पण सुरी त्यांनीही लावली नाही.

मी स्वतः दर रविवारी मिस्साला जाते. फादरांना मी सर्व सांगितले. त्यांनी बिशपसाहेबांना त्रास न देता आपल्या कार्यालयालाच पुन्हा लिहावे, असा सल्ला दिला.

७. काल पहाटे सासूबाईंनी अंघोळ केली, डोक्याला मण्यांची माळ बांधली आणि खाचरात उतरून पहिली जुडी कापली. नंतर जुनी शिडी मागितली. सिमेंटच्या पायऱ्यांकडे त्यांनी पाहिलेही नाही. शिडीने वर गेल्या, कोठारात शिरल्या आणि बाप्या बुलुलशेजारच्या रिकाम्या जागेवर गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. मी खालून विचारले, हे काय? त्या म्हणाल्या, "ती येईपर्यंत मी बसते. रखवालीला कुणीतरी हवंच. जा, कापा आता."

गावाने कापायला सुरुवात केली आहे. काल संध्याकाळी पहिल्या जुड्या आत घेतल्या, त्या सासूबाईंनी एकेक करून स्वतः लावल्या. भात आत येत असताना राखणदाराने जागा सोडायची नसते, म्हणून त्या खाली उतरत नाहीत. जेवण मी वर नेऊन देते. रात्री गारठा पडतो आणि त्यांना खोकला आहे. कापणी महिनाभर तरी चालते, आणि त्यांच्या वयाच्या माणसाने लाकडासारखे बसून राहण्याइतका हा महिना लहान नाही. श्री. पुगुओन यांनी काल स्वतःचे घोंगडे आणून दिले. या वेळी त्यांनी सर्टिफिकेटचा विषय काढला नाही.

८. धान्यसाठ्यात काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीकडे आरोग्यपत्र असावे, असा आपला नियम असल्याने गावच्या नर्सबाईंना आज शिडीने वर पाठवले. तपासणी करून त्यांनी आरोग्यपत्र दिले आहे. खोकला "किरकोळ" असे लिहिले आहे, ते मला मान्य नाही. आपल्या नियमातली केसांची जाळीही सासूबाईंनी मण्यांच्या माळेवरून घातली आहे. सबब राखणदाराच्या जागी सध्या आपल्या सर्व नियमांत बसणारी, पुसता येण्याजोगी आणि रक्तविरहित व्यक्ती बसलेली आहे. कपडे बदलण्याची खोली मात्र अद्याप नाही.

९. तरी विनंती की राखणदारीण हमीपत्राशिवाय, गळ्यातली चिठ्ठी काढून, मिळेल त्या पहिल्या बसने पाठवावी. बर्फाच्या डब्याची गरज नाही. परवान्याचे आपण काय ठरवाल ते ठरवा. दुकानदार बाईंना मी कळवले आहे की यंदाचा तांदूळ आम्हीच खाऊ. परवान्याच्या अर्जावरची माझी सही मागे घेता येत असेल तर तसा नमुना अर्ज सोबत पाठवावा. येत नसेल तरी राखणदारीण पाठवावी. माझ्या सहीची किंमत कोठारात बसलेल्या सासूबाईंना मोजावी लागते आहे, आणि ते मला सहन होत नाही.

उत्तराची नव्हे, तिची वाट पाहणारी,

आपली नम्र,
(सही)
मेर्सेदिता हिम्मिवात

सोबत:
१) निरीक्षकांच्या पावतीची प्रत.
२) श्रीमती आगिनाया हिम्मिवात यांचे आरोग्यपत्र. जन्मतारखेच्या जागी "मोठ्या दरडीच्या वर्षी" असे आहे, ते ग्राह्य धरावे.
३) श्रीमती आगिनाया यांचा जाळी घातलेला फोटो. लॅमिनेट केलेला नाही.
४) भाताची अर्धी जुडी, एक. पहिली जुडी राखणदारांची असते. तिचे दोन भाग करून एक बाप्यापुढे ठेवला आहे, हा दुसरा भाग राखणदारिणीचा. कृपया नमुना म्हणून नोंदवू नये आणि उघडू नये. नमुनेखोलीत नूडल्सच्या खोक्यांशेजारी ती बसली आहे, तेथे तिच्यापुढे ठेवावा. ठेवताना जे कोणी असेल त्यांनी तिला एवढे सांगावे, कोणत्याही भाषेत चालेल: कापणी सुरू झाली आहे, तुझ्या जागेवर आगिनाया बसली आहे, आणि तिचे गुडघे दुखतात.