टेकडीवरचं कुलूप

लिमा, १७ जुलै

प्रिय एदेल्मिरा,

इतके महिने लिहिलं नाही, रागावू नकोस. आपल्या आईबद्दल काय सांगावं, हेच ठरत नव्हतं. ती आता बसूनच झोपते. धाप थांबत नाही.

आपण सगळ्यांनी रविवारी-रविवारी विटा वाहून टेकडीवर आरोग्यकेंद्र बांधलं, आठवतं? सरकारनं आत ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवला, दाराला कुलूप घातलं, डॉक्टर मात्र पाठवला नाही. खिडकीतून सिलिंडर दिसतो.

गेल्या रविवारी वस्तीच्या सभेत शेजारच्या सातुर्निनाबाई म्हणाल्या, "तोडू या ते कुलूप. माझ्या नवऱ्याला श्वास पुरत नाही."

मी उठून म्हटलं, तोडलं तर केंद्रच काढून घेतील, अर्ज करत राहू.

त्यावर त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमच्या अर्जांना धाप लागत नाही हो!"

लोक हसले, पण हात माझ्या बाजूनं वर झाले.

आज आईचे ओठ निळे पडले. चौघांनी तिला खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून खाली नेलं. मोठ्या इस्पितळानं खाट नाही म्हणून परत पाठवलं. वर आणताना खुर्चीचा एक पाय सातुर्निनाबाईंच्या हातात होता.

त्यांच्या नवऱ्यासाठी जे चूक होतं, ते आपल्या आईसाठी बरोबर कसं? उत्तर शोधत बसायला वेळ नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तू सांतियागोत एकटी रडत बसशील.

तुझी,
नेलिदा

उद्या: उजाडताच सातुर्निनाबाईंकडे पहार मागायला जायचं.