दोन ठिपके, तीन ठिपके

अण्णा, त्या गाडीचं इंजिन शेवटी मीच उघडलं. लातूरला उस्तादांचं गॅरेज होतं तिथं त्यांच्या मुलानं आता क्लासच्या पोरांसाठी चार मजली होस्टेल बांधलंय. त्या गल्लीत पान्याचा आवाज उरलेला नाही, जिकडंतिकडं डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो. त्याला गेटाशी आपल्या अब्बांची आठवण ठेवायचीय, त्यांनी बांधलेल्यांतलं आता उरलेलं एकच इंजिन, आणि ते चालू करून लोकांना ऐकवायचंय. म्हणून त्यानं भंगारवाल्याकडून ती लांब नाकाची तुमची ट्रकगाडी सोडवली आणि ओढून नांदेडला माझ्याकडं आणली. म्हणाला, "भाऊ, अब्बांच्या कामाला हात लावायचा तर तो तुमचाच." आमच्या धंद्यात उस्तादानं बांधलेलं इंजिन तो जिवंत असेपर्यंत शागिर्द उघडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आता उस्तादही नाहीत आणि तुम्हीही नाहीत. मी हो म्हणालो.

ते दिवस मला तुमच्या तोंडून ऐकल्यामुळंच जास्त आठवतात. भूकंप झाला तेव्हा इंजिन कामासाठी खोललेलंच होतं. औशाच्या पुढच्या गावांना निवाऱ्याचे पत्रे पोचवायचे होते, गाडीमालक शेठ घाई करत होता, आणि शेडखाली जायची कुणाची छाती नव्हती. म्हणून उस्तादांनी बाहेर लिंबाखाली काम मांडलं. सुटे भाग पोत्यावर ओळीनं ठेवलेले. तेवढ्यात पुन्हा जमीन हलली, सगळे पळाले, आणि परत येऊन बघतात तर पळणाऱ्यांच्या पायांनी ओळ विस्कटलेली. उस्ताद हातोडी घेऊनच रस्त्यापर्यंत पळाले होते, हे सांगताना तुम्हाला हसू आवरायचं नाही. ती ओळ त्यांनी पुन्हा लावली आणि इंजिन बांधलं. तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, लई जड फिरायलंय हो." ते म्हणाले, "नवं काम हाय ड्रायव्हरसाब. चार खेपा मारा, सैल होईल." ते खोटं नव्हतं. नवं इंजिन जड असतंच.

पहिल्या खेपेची सकाळ आईनं इतक्यांदा सांगितलीय की मी तिथंच उभा असल्यासारखी ती मला दिसते. आई दार उघडं टाकून, जीव मुठीत धरून भाकरी करतेय, तुम्ही आत येता आणि चुलीजवळचं फडकं ओढून बाहेर गाडीकडं नेता. "अहो, त्यानं पातेलं उतरवायचं हाय!" तुम्ही इंजिनातलं तेल मोजायची पट्टी त्यावर पुसता, बुडवून पुन्हा बघता आणि तिथूनच ओरडता, "तेल खुणेवर हाय, चाललो." दुपारी औशाच्या पुढं पत्र्यांनी भरलेल्या गाडीखालून ठोके यायला लागले आणि इंजिन आवळून बंद पडलं. उस्ताद आले, रस्त्यावरच खालचा तेलाचा चेंबर उतरवला, तेल होतं तेवढं मातीत मुरलं, आणि जळून काळं पडलेलं बेअरिंग त्यांनी मागून आलेल्या शेठसमोर धरलं. "तेलाशिवाय हे असं जळत न्हाई." नवं बेअरिंग टाकून गाडी चालवली, पण ठोका गेला नाही. शेठनं आधी तुम्हाला काढलं, मग गाडी उभी केली.

त्यानंतर लातुरात तुमच्या हातात कुणी ट्रक दिला नाही. बिनतेलाचा ड्रायव्हर. पुढं गावोगावची पोरं क्लासला यायला लागली तेव्हा तुम्ही त्यांचे डबे पोचवायचा ऑटो चालवलात. रोज सकाळी गल्लीच्या मधोमध उभे राहून पट्टी काढायची, पुसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी वर धरायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई मात्र कुणी विषय काढला की तडकायची, "माझं फडकं तेलानं काळं झालंय त्या दिवशी, त्याला विचारा म्हणावं." लोक हसायचे. नवऱ्यासाठी बायको बोलणारच, असं म्हणायचे. आणि एवढं होऊन तुम्ही मला धरून नेलंत ते त्याच उस्तादांकडं! मी चिडलो होतो. तुम्ही म्हणालात, "काम शिकायचं तर यांच्याच हाताखाली." उस्तादांनीही मला पोटच्या पोरासारखं शिकवलं. आज चार माणसं माझ्या गॅरेजचा पत्ता विचारत येतात ते त्यांच्यामुळं.

गाडी आली तेव्हा इंजिन गंजून बसलं होतं. डिझेल सोडून भिजवलं, हँडलनं हळूहळू मोकळं केलं. फिरायला लागलं, पण प्रत्येक फेरीत एका जागी अडकल्यासारखं व्हायचं. चालू केलं. थंड असताना तेलाचा दाब चांगला, तापलं की काटा खाली, आणि बुडातून तो ठोका. तुमचाच ठोका, अण्णा. एकेका सिलिंडरचं डिझेल तोडून पाहिलं. एकट्यानं फरक पडेना, शेजारशेजारचे दोन बंद केले की आवाज दबायचा. म्हणजे दोष शाफ्टच्या मुख्य बेअरिंगला. इंजिन उतरवलं, उलटं केलं आणि हात जोडून उस्तादांची माफी मागितली.

शाफ्टला धरून ठेवणाऱ्या ज्या कॅपा असतात त्या दिसायला सारख्या, पण प्रत्येकीची जागा ठरलेली. ती चुकू नये म्हणून उस्ताद पंचनं ठिपके मारायचे, पहिलीला एक, दुसरीला दोन. ही सवय त्यांनीच मला लावली. कॅपांवर काळा चिकटा बसला होता. डिझेलच्या बोळ्यानं पुसत गेलो. पहिलीवर एक ठिपका. दुसरीवर तीन. मी पुन्हा पुसलं. तिसरीवर दोन.

पोत्यावरची विस्कटलेली ओळ, अण्णा. दुसरं काही नाही. कॅपांची अदलाबदल झाली, शाफ्ट आवळला गेला, म्हणून जड फिरत होतं, म्हणून जळालं. तेल खुणेवरच होतं. रस्त्यावर चेंबर उतरवला तेव्हा उस्तादांना ते ठिपके दिसले होते का? मी स्वतःला सांगतो की चिकट्याखाली दिसले नसतील. पुसल्याशिवाय मलाही दिसले नाहीत. पण कॅपा पुसल्याशिवाय बसवू नये हेही मला त्यांनीच शिकवलंय. त्यांचा राग यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला, येत नाही. तुमची दया मात्र येते, आणि तुम्हाला दया कधी आवडली नाही.

शाफ्ट घासून गुळगुळीत केला, बेअरिंगं नवी घातली, कॅपा आपापल्या जागी बसवल्या. इंजिन असं चाललं की शेजारचा वेल्डर काम टाकून बघायला आला. उस्तादांचा मुलगा गाडी न्यायला आला तेव्हा नुसता आवाज ऐकून त्याचे डोळे भरले. म्हणाला, "काय निघालं हो?" मी म्हणालो, "बेअरिंग जळालं होतं." हे खरंच होतं. पुढचं बोलायला तोंड उघडणार तर त्यानं माझा हात धरला. "अब्बा तुमच्या वडिलांबद्दल कधी वाईट बोलले न्हाईत, भाऊ. म्हणायचे, त्या दिवसांत कुणाचं ध्यान ठिकाणावर होतं? ऱ्हायलं असंल तेल बघायचं. मनापासून माफ केलं होतं त्यांनी."

मी मान डोलावून म्हणालो, "हाव."

गाडी आता लातूरला गेटाशी उभी आहे, ऐटीत. हे सगळं लिहून काढलं ते आईला वाचून दाखवायचं म्हणून, आणि अजून शर्टाच्या खिशातच ठेवलंय. ऐकलं तर ती त्याच पावली लातूरला जाईल, होस्टेलच्या दारात उभी राहून बोलेल, आणि तिचं बरोबर असेल. गाडी परत गेल्याचंही मी तिला सांगितलेलं नाही. आज जेवताना तिनं पुन्हा विचारलं, "उघडलं का रे ते इंजिन?" मी मान खाली घालून भाकरी मोडली आणि म्हणालो, "न्हाई अजून."