पोहता न येणारा खलाशी

मालवण,
११ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम. पत्रास कारण की, तुझा भाऊ रेल्वेच्या गार्डाचा आता खलाशी झाला हाय. फोनवर तुला ऐकू येत न्हाई, म्हणून कागदावर लिहून फोटो तुझ्या सुनेला, नकुशीला, धाडतोय. ती मोठा करून दाखवील.

रिटायर झाल्यापास्नं दौंडात बसून बूड दुखायला लागलं, म्हणून शिडाच्या होडीवरच्या सुट्टीला नाव घातलं. आम्ही नवशिके सहा जण. दोर आपणच ओढायचे, शीड आपणच चढवायचं, भांडी बी आपणच घासायची. सुट्टी कसली, बिनपगारी ड्यूटी! कप्तान अनुपमा नावाची सत्तावीस वर्षांची पोरगी. काल तिनं नांगर उचलायला सांगितला, तर मी सवयीनं शिट्टी मारून हिरवा रुमाल हलवला. सगळे पोट धरून हसले. दोनदा ओकलो. पण आक्का, छत्तीस वर्षं गाडीच्या शेपटाला बसलो. इथं सुकाणूबी शेपटालाच, पण गाडी माझ्या हातात. मला शेवटपर्यंत राहायचंय.

भानगड अशी, की फॉर्मवर मी पोहता येतं असं लिहिलंय. परवा सगळ्यांनी जॅकेट काढून पोहत होडीला एक चक्कर मारायची हाय. ज्याला जमणार न्हाई त्याला किनाऱ्यावर उतरवणार. काय करू ते कळव.

शिव्या घाल, पण लोभ सोडू नको.
तुझा,
मच्छिंद्र


कवठे येमाई,
१२ जानेवारी

चि. मच्छिंद्र यास,
अ. उ. आ. आन् जयभीम. नकुशीनं तुझं अक्षर एवढं मोठं केलं, की तुझा खोटेपणाबी तेवढाच मोठा दिसला. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगीच न्हाई.

आत्ताच्या आत्ता त्या पोरीला खरं सांग. तुझ्या गाडीत कुणी लाल झेंडी लपवून ठेवली असती तर चाललं असतं का तुला? उतरवलं तर उतरवलं, एसटीनं ये, मी पिठलं टाकते. लाजेकाजेनं उडी मारलीस तर बघ. आबा गेले, आई गेली, मी रागवावं असा तू एकटाच उरलायस.

जपून राहा, माया हायच.
तुझी आक्का


मालवण,
१४ जानेवारी

ती. आक्कास,
सविनय जयभीम. चहा करता करता सांगून टाकलं. अनुपमा लई भडकली. मग म्हणाली, काका, खेड्यातली माणसं तर विहिरीत शिकतात, तुम्ही कसे राहिलात? मी सांगितलं, आमच्या लोकांना त्या विहिरीत उतरू देत नव्हते. बाकीची पोरं पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगत्या लाकडाचा बिंडा बांधून उड्या मारायची, आन् मी काठावर त्यांची कापडं राखायचो. गार्डाची नोकरी मला तवाच लागली म्हटलं. ती हसली न्हाई.

उतरवलं न्हाई मला. दोन दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ गळ्याइतक्या पाण्यात हनुवटीखाली हात धरून शिकवते. नाकातोंडात पाणी जातं, तोंडातनं शिव्या बाहेर येतात. आज सकाळी तिनं हात काढून घेतला, मला कळलंच न्हाई. सात हात गेलो. आक्का, मी रडलो.

ही बातमी मानून घे, आन् आशीर्वाद दे.
तुझा,
मच्छिंद्र


कवठे येमाई,
१५ जानेवारी

चि. मच्छिंद्र यास,
अ. उ. आ. हे पत्र नकुशीला दाखवणार न्हाई. पोस्टानं दौंडला टाकतेय, घरी गेलास की मिळंल.

मला पोहता येतं.

मी बारा वर्षांची होते. शिरूरच्या बाजारादिवशी मळ्यात चिटपाखरू नसायचं. भर दुपारी परकर खोचून त्याच विहिरीत उतरायचे. माझी मीच शिकले, वर्षभर पोहले. तू विचारायचास, आक्का, केस ओले कसे? मी तुला काहीबाही सांगायचे.

तुला न्यावं असं दर खेपेला वाटायचं. पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. कुठं बोलला असतास, तर आबांना चावडीपुढं उभं केलं असतं. म्हणून न्हाई नेलं. तू दुसऱ्यांची कापडं राखत बसायचास, ते लांबनं बघायचे आन् घरी येऊन तुलाच जास्तीची भाकरी वाढायचे. मी भ्याले, आन् माझ्या भिण्यापायी तू जन्मभर कोरडा राहिलास. मला माफ कर.

सात हातांनं काय होतंय? दमल्यावर उताणं कसं पडायचं, हे त्या पोरीनं अजून शिकवलं नसंल. ते मी शिकवते. पिशवी दौंडात टाक आन् इथं गावच्या तळ्यावर ये. पंचावन्न वर्षं उशीर झालाय, तवा वाटेत शिरूरला चहाला थांबू नको.

वाट बघणारी,
तुझी आक्का