गोठ्यातलं झिंक

२ डिसें., रवि.
नाकाच्या बाजूला आणखी एक पिंपल आला. आतला. हात लावला की डोळ्यात पाणी. आज पुण्याचा ग्रुप होता, पाली दरवाज्यानं राजगडावर चढवला. वर फोटोच्या वेळी एक ताई म्हणाल्या, "गाईडदादा, तुम्ही जरा बाजूला होता? फक्त ग्रुपचा हवाय." असेलही फक्त ग्रुपचा. पण मग त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर मधोमध कसा उभा होता.
उतरताना रेंज आली तिथं दगडावर बसून मोबाईल बघितला. एक डॉक्टरबाई सांगते, पिंपल्सना दूध, साखर, मैदा कमी करा. झिंक घ्या, पण त्याआधी... तिथं रेंज गेली.
उद्यापासून दू. बंद, सा. बंद, तळलेलं बंद. ग्रुपनं ठेवलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा आजच संपवला. घरात राहिला असता तर उद्या त्रास.

५ डिसें.
कोरा चहा म्हणजे शिक्षा आहे. गोठ्यात दोन गाई, चरवी भरून दूध डेअरीला जातं आणि मी काळं पाणी पितोय. आई म्हणाली, "घरचं दूध कडू लागाय लागलं व्हय रं?" तिला काय सांगणार. ती म्हणते वयाच्या पुटकुळ्या आहेत, लग्न झालं की जातील.
वहिनींनी ते ऐकलं आणि हसल्या. त्यांच्या लग्नाला वर्ष होईल, आणि त्यांच्या हनुवटीवर लग्नानंतरच सुरू झाल्यात.
नंतर चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमी काय करताय ते मला बी सांगा. जानेवारीत भावाचं लगीन हाय शिवऱ्याला. सगळी माझं तोंडच बघणार. म्हणतील सासरी नीट ठिवत न्हाईत."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं तोंड खराब म्हणजे माझंच. त्यांचं तोंड खराब म्हणजे आमच्या घराचं.
मग मी लई मोठा माणूस झालो. हे बंद करा, ते बंद करा. भात अर्धा. सगळं मोबाईलवरचं, पण माझ्या तोंडून. त्यांनी मान हलवत सगळं ऐकलं. एवढं माझं कधी कुणी ऐकलेलं नाही.

८ डिसें.
भोरला गेलो. काम एकच, झिंकच्या गोळ्या. त्यांच्या आणि माझ्या. मी म्हणालेलो, "आज आणतोच."
डेपोपाशी आयटीआयमधला सच्या भेटला. तो कोर्स पूर्ण करून कामाला लागला, मी अर्ध्यात सोडला, त्यामुळे तो दिसला की मी जास्तच मोठ्यानं हसतो. तो म्हणाला चल भाटघरला, धरणाचं पाणी बघून येऊ. गेलो. पाणी बघितलं. पाण्यात काय बघायचं असतं माहीत नाही, पण दुपार गेली. परत आलो तर मेडिकलवाला जेवायला गेलेला. चारला उघडतं म्हणे. थांबायचं की नाही? समोर जिलबी तळत होता. उभा राहिलो. वास. मग हातात कागद, कागदात जिलबी, मग दुसरा कागद.
जिलबी खाल्ल्यावर मेडिकलच्या पायरीवर उभं राहून झिंक मागायची लाज वाटली. खरंच. गाडीला किक मारली आणि घरी.
वहिनी अंगणात वाटच बघत होत्या. "मिळाल्या का वो?"
मी म्हणालो, "पावडर मिळाली."
हे का म्हणालो. गोठ्यात पेंडीत कालवायची मिनरल मिक्श्चरची पिशवी आहे, गाईंची. तिच्यावर छापलंय झिंक. मागंच वाचलेलं. झिंक ते झिंक. चूर्णाची रिकामी बाटली धुतली, पुसली, भरली. थोडी माझ्यासाठी पण वेगळी. म्हणजे फसवणूक तर नाही ना, मी पण तेच घेणार.

९ डिसें.
सकाळी वहिनींनी विचारलं, "उपाशीपोटी घ्यायची का खाऊन?"
मी म्हणालो, "उपाशीपोटी." कुठून काढलं देव जाणे. उपाशीपोटी म्हटलं की औषध खरं वाटतं.
मी मात्र न्याहारी करून घेतली. खडूसारखी लागते.

१३ डिसें.
वहिनी एक दिवस चुकल्या नाहीत. कोरा चहा, भाकरी, पालेभाजी. साखरेला हात नाही. मी? काल ग्रुपबरोबर वेफर्स. परवा नसरापूरला वडापाव, कारण गाडी तिथं थांबली. गाडी काय, मीच थांबवली.
तांबडी व्याली. कालवड. आईनं खरवस केला, वेलदोडा घालून. पहिल्या चिकाचा खरवस घरात सगळ्यांनी खायचाच, नाहीतर गाय आटते असं आई मानते. वहिनींपुढं वाटी ठेवली तर त्या म्हणाल्या, "मला नको आई, इच्छा न्हाई." आईचा चेहरा पडला. दिवसभर तांबडीशी बोलली, सुनेशी नाही.
वहिनींनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे बघा मी कशी टिकले. मी वाटी चाटत होतो.

१६ डिसें.
सकाळी वहिनींना मोरीत उलटी झाली. मी दात घासत होतो. ब्रश तोंडात तसाच. आईनं पाठ चोळली, पाणी दिलं, तोंड पुसलं. मग थांबली. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, "त्या दिशी खरवस नको म्हणालीस ते ह्येच व्हय?"
वहिनींनी पाण्याला जायची घागर उचलली. आईनं त्यांच्या हातातली घागर काढून घेतली.
मी गोठ्यात गेलो. पिशवीवर परत वाचलं. खाली बारीक अक्षरात आहे, फक्त जनावरांसाठी. मोठ्या अक्षरात का नाही लिहीत.

१७ डिसें.
आज परत उलटी. आईला वर्षभराचं हसू आज फुटलं. शेजारच्या काकींना कुंपणावरून सांगितलं, "अजून कुणाला बोलू नको गं," आणि एवढ्या मोठ्यानं की मला गोठ्यात ऐकू आलं. दादा कंपनीतून लवकर आला. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "काय रे काका?" आणि पाठीत गुद्दा घातला. दादा असा कधी वागत नाही.
आई वहिनींना म्हणाली, "सांग, काय खावंसं वाटतंय? लाजू नको."
बिचारीला दोन आठवडे मी उपाशी मारलंय. डोळे असे चमकले. "भेळ," म्हणाल्या. "बटाटवडा. जिलबी." मग जरा थांबून, "आन् दुधाचा चहा. गोड."
आईनं कपाळावरून हात ओवाळून बोटं मोडली. "डोहाळं लागलं माझ्या पोरीला!"
आणि आणायला कोण? मी. भोरला. त्याच जिलबीवाल्याकडून. आज एकही तुकडा खाल्ला नाही. खाववली नाही.

१८ डिसें.
पावडर कालपासून गायब केली. वहिनींना म्हणालो संपली. तरी सकाळी त्यांना मळमळ होतीच. कालचे वडे असतील. की आधीची अंगात राहते? कुणाला विचारू. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, त्यांनी उचलल्यावर म्हणालो, "तांबडी बरी हाय, एवढंच सांगायचं हुतं."
आईनं देवीला नारळ बोललाय. दादानं वहिनींना कळशी उचलू नको म्हटलं. वर्षात पहिल्यांदा मी वहिनींना दिवसा उशीला टेकून बसलेलं बघितलं. पाय लांब करून. मी बघतोय म्हटल्यावर आखडून घेतले.
आज सांगतो, असं सकाळी ठरवलं. मग ग्रुप आला. ग्रुप गेल्यावर उगाच गुंजवण्यापर्यंत चक्कर मारून आलो.

१९ डिसें.
वहिनींना सांगितलं. सगळं. भोर, जिलबी, बाटली, पिशवी.
आधी त्यांना कळलंच नाही. मग, "गुरांचं?"
"व्हय."
"मला गुरांचं खायला घातलंत भावजी?"
मी म्हणालो, मी पण घेत होतो. त्या म्हणाल्या, "तुमाला काय, तुमी सांडच हाय." आणि हसायला लागल्या. मला पण हसू आलं. मग बघतो तर रडतायत. पदर तोंडात धरून, आई परसात होती म्हणून आवाज न करता.
म्हणालो मी आत्ता आईला सांगतो. तर हात पकडला. "थांबा. सगळंच तुमच्या पावडरीचं नसंल." आणि दुसरीकडं बघायला लागल्या. मला कळायला वेळ लागला. कळल्यावर कान तापले. म्हणजे त्यांची तारीख चुकलीय, दिवस आधीच वर गेलेत.
म्हणाल्या, "खोटं निघालं तर आई मला काय म्हणतील, आन् खरं निघालं तर..."
पुढचं मीच दिवसभर बोलतोय. नसेल तर मी आईला खोटं नातवंड दाखवलं. असेल तर त्याच्या पोटात पहिली गोष्ट काय गेली? माझ्या गोठ्यातलं...

२० डिसें.
म्हटलं आपल्यावर बघू. सकाळी उपाशीपोटी वहिनींएवढीच घेतली. गोठ्यामागं बसलो. थोड्या वेळानं सगळं बाहेर. आनंद झाला. म्हणजे पावडरीनंच होतं. मग वाटलं, आनंद कसला. ह्याचा अर्थ आई समजते तसं काहीच नाही. आणि ह्याचा अर्थ तोही नाही, त्यांचे दिवस वर गेलेत ते पावडरीनं थोडेच. मला उलटी झाली, एवढंच कळलं.
दादानं टेस्टचं किट आणलं. एक रेघ ठळक. दुसरी आहे की नाही यावर घरात दोन पार्ट्या. आई म्हणते आहे, ती दारात उजेडाला धरून दाखवते. दादा म्हणतो पुसट आहे. मला विचारलं. मी म्हणालो मला लांबचं दिसतं, जवळचं नाही.
वहिनींनी ती पट्टी हातात पण घेतली नाही. उद्या भोरला डॉक्टरबाईंकडं.

२१ डिसें.
आई, वहिनी आणि मी. नसरापूरला गाडी बदलून. आईनं पिशवीत पाण्याची बाटली, आवळासुपारी, शाल. वहिनींना खिडकी. रस्ताभर आईचं, "हळू घे रं," ड्रायव्हरला.
दवाखान्यात त्या दोघी आत, मी बाहेर चपलांपाशी. दार पूर्ण लागत नाही. बाई विचारत होत्या, काही औषध घेतलं का? गोळी, काढा, गावठी काही? वहिनी म्हणाल्या, "न्हाई." बाईंनी परत विचारलं. परत "न्हाई", आणखी बारीक. आई शेजारीच. त्या कसं बोलणार. त्यांना बोलायचं असतं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.
समोर उसाचा रस होता. घुंगरं वाजत होती. तिकडं जावं, रस प्यावा, तोवर ह्या बाहेर येतील. पाय उचलला पण होता. खरं लिहितोय.
मग दार ढकललं. म्हणालो, "घेतलंय. मी दिलंय." आणि सगळं सांगितलं. मोबाईलमधला पिशवीचा फोटो दाखवला, तो कालच काढून ठेवलेला. बाईंनी फोटो मोठा करून वाचला. किती चमचे, किती दिवस. रागावल्या नाहीत, त्यानं जास्त भीती वाटली. म्हणाल्या, हे माणसांसाठी नसतं, परत कुणी घ्यायचं नाही. उलट्या ह्यानंही झाल्या असतील, पण नक्की कशानं ते आत्ता सांगता येत नाही. रक्त घेतलं. त्यावरून कळेल आहे की नाही. असेल तर काही दिवसांनी सोनोग्राफी करून बघू, उगाच घाबरू नका. वहिनींना म्हणाल्या, "आणि तू जेवत जा नीट. तोंडाचं नंतर बघू, त्याचे वेगळे डॉक्टर असतात."
आईकडं मी बघितलंच नाही.
येताना गाडीत आई मधे, वहिनी खिडकीत. आईनं शाल वहिनींच्या पायावर घातली, आणि वहिनींनी ती अर्धी आईच्या पायावर ओढली. मी मागच्या सीटवर. नसरापूर गेल्यावर आई मान न वळवता म्हणाली,
"तू बी खाल्लंस ते?"
"व्हय."
"उलटी झाली?"
"काल."
"मंग कालच सांगायचं न्हाई व्हय?" म्हणाली. मला वाटलं आता शिव्या येतील. नाही आल्या. घरी आल्यावर मला भात वाढला, वर दूध घातलं, भरपूर. विचारलं नाही. मी खाल्लं.

२२ डिसें.
दादाला वहिनींनीच सांगितलं, कधी ते माहीत नाही. तो सकाळपासून माझ्याशी बोललेला नाही, गाडीची चावी तेवढी माझ्या हातात दिली. "रिपोर्ट अकराला मिळंल. जा आन् ये."
आई देव्हाऱ्यापाशी. नारळ आणलेला आहे, फोडायचा की नाही ठरत नाही, म्हणून तसाच पाटावर. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "फोनवर सांगू नका. काय असंल ते घरी येऊन सांगा. पयलं मला."
हे भोरला बसून लिहितोय, दवाखान्याच्या बाकावर. पावणेअकरा. वाटेत कुठं थांबलो नाही. आत नाव पुकारतायत, अजून आमचं नाही.